पीटचा धूर आणि मातीचा गंध

मराठी समीक्षेची बरीचशी परिभाषा जिभेवरून आलेली आहे. रस, आस्वाद, रुची, अभिरुची, रसिक, रसग्रहण, चर्वणा. वर्गात आणि चर्चासत्रांत हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्यांचा खाण्यापिण्याशी काही संबंध होता याचा आपल्याला विसर पडला आहे. मलाही तो पडला होता. त्याची आठवण ज्या प्रसंगाने करून दिली तो प्रसंग प्राध्यापकाने जाहीरपणे सांगावा की नाही, याविषयी मी बराच काळ साशंक होतो. परंतु त्या प्रसंगात माझ्या समीक्षकपणाची जी परीक्षा झाली ती लपवण्यात अर्थ नाही, असे आता वाटते.

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. काटेवाडीच्या आमच्या मळ्यात सुट्टीसाठी गेलो होतो. गळीत हंगाम ऐन भरात होता. बारामती–इंदापूर रस्त्यावरून भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या अखंड चालल्या होत्या. माझा भाचा एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठात मद्यनिर्मितीचे शास्त्र शिकतो आहे, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. 'तिकडे केमिस्ट्री करतो' एवढेच सांगितले जाई. तो येताना दोन बाटल्या घेऊन आला. दोन्ही वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या. एकीवर 'क', दुसरीवर 'ख'. "मामा, दोन्ही स्कॉच एल आहेत. तुम्ही समीक्षक ना? मग नाव न वाचता सांगा, यातली अस्सल कोणती?" असे त्याने आव्हान दिले. माझी आई माळकरी. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ती पदर नाकाशी धरून बसली होती. पण उठून गेली नाही.

वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. 'स्कॉच' म्हटले की आपल्याला व्हिस्की आठवते. येथे अभिप्रेत आहे ती स्कॉटलंडची दाट, जड, गडद तांबूस रंगाची बिअर. तिला तिकडे 'वी हेवी' असेही म्हणतात. तिचा सगळा जीव माल्टमध्ये असतो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. नाचणीचे सत्त्व करताना आपल्या घरांत नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवून भाजतात, तीच ही क्रिया. फक्त धान्य बार्ली, म्हणजे जव. मोड आलेले हे धान्य भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड रस हॉप्सची फुले घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा. साध्या बिअरसाठी हा रस पातळ असतो. या एलसाठी तो बराच घट्ट लागतो; त्याची घनता १.०७०पासून १.१३०पर्यंत असते. आमच्या भागातील माणसाला हे आकडे कळणार नाहीत, पण ब्रिक्स कळतो. १.०७० म्हणजे साधारण १७ ब्रिक्स, म्हणजे जवळजवळ आपल्या उसाच्या रसाइतका गोडवा, आणि १.१३० म्हणजे ३० ब्रिक्स. मद्यार्क साडेसहा ते दहा टक्के. हॉप्सचा कडवटपणा मात्र बेताचा. एकोणिसाव्या शतकात पिंपाच्या भावावरून या एलना शिलिंगांच्या आकड्यांची नावे पडली. जितके शिलिंग अधिक तितकी एल जड.

भाच्याने एक छापील तक्ता पुढे ठेवला. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेला 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम' नावाचा उपक्रम आहे. त्याच्या स्पर्धांत परीक्षक हा तक्ता भरतात. एकूण गुण ५०. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या भाराला ५ आणि समग्र परिणामाला १०. प्रत्येक आकड्याशेजारी रिकाम्या ओळी असतात आणि त्या भरल्यावाचून नुसता आकडा देणे हे परीक्षकाला शोभत नाही. जे जाणवले ते शब्दांत मांडायचे आणि मग गुण द्यायचे. परीक्षकाला प्रकार सांगितलेला असतो, करणाऱ्याचे नाव सांगितलेले नसते.

बाटल्या थंडगार नव्हत्या. अशी एल बर्फासारखी थंड केली तर वास मुका होतो. ती बारा-तेरा अंशांवर घ्यायची असते. डिसेंबरातल्या आमच्या ओसरीला त्याची व्यवस्था वेगळी करावी लागली नाही. 'क' बाटलीचा वास गोडसर होता, भाजलेल्या धान्यासारखा, थोडा मनुकांकडे झुकणारा. चव भरदार, शेवटी गोडवा थोडा आवरता घेतलेला. 'ख' बाटली उघडताच धुराचा झोत आला. ओल्या लाकडाचा, औषधी छटा असलेला धूर. घोट घेतल्यावरही आधी धूर, मग बाकी सगळे. मी क्षणभरही विचार केला नाही. 'ख' अस्सल, असा निकाल दिला. वर कारणमीमांसाही केली: स्कॉटलंडची दलदल, तेथले पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे ते वाळवून जाळायचे थर, त्या भूमीचा श्वास या पेयात उतरला आहे, वगैरे. बोलताना मला माझेच कौतुक वाटत होते.

भाचा हसला. "मामा, 'क' स्कॉटलंडची आहे. 'ख' स्कॉटलंडबाहेर केलेली. ज्यांना स्कॉच म्हटले की धूरच आठवतो, त्यांच्यासाठी त्यात पीटचा माल्ट मुद्दाम घातलाय." काही व्हिस्कींसाठी माल्ट पीटच्या धुरावर वाळवतात; त्या व्हिस्कीची कीर्ती जगभर पसरली, आणि स्कॉटलंडचे म्हणून जे जे असेल त्यात धूर असायलाच हवा अशी समजूत मागून आली. एलच्या परंपरेत त्या धुराला स्थान नव्हते. गंमत अशी की नियम करणारेही या समजुतीतून सुटले नव्हते. त्याच उपक्रमाच्या २००८च्या पुस्तिकेत या प्रकारात पीटसारखा, धुरकट गंध दुय्यम स्वरूपात असू शकतो, असे म्हटले होते. २०१५च्या आवृत्तीत पीटचा माल्ट परंपरेला धरून नाही, असे निःसंदिग्धपणे नोंदवले गेले. सात वर्षांत निकष बदलला. निकषांनाही इतिहास असतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तो इतका जवळून क्वचितच दिसतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण मद्यार्क नव्हते.

त्याच्या दोन वर्षे आधी मी एका कथासंग्रहाचे परीक्षण लिहिले होते. लेखक इंदापूर तालुक्यातला, माझाच जुना विद्यार्थी. त्याच्या कथांत औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारी मुले होती, मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते, वडिलांच्या जमिनीच्या उताऱ्याचे कागद सांभाळणारी आणि शेतात कधी न उतरलेली एक मुलगी होती. भाषा साधी, काहीशी कोरडी. मी लिहिले होते की लेखकाकडे निरीक्षण आहे, परंतु ग्रामीण साहित्याला अपेक्षित असलेला मातीचा अस्सल गंध या कथांत हरवला आहे. हे वाक्य लिहिताना मला ते फार नेमके वाटले होते. लेखकाने फोन केला नाही, पत्रही पाठवले नाही. त्यानंतर त्याची कथा माझ्या पाहण्यात आली नाही.

मी त्याच्या कथांत पीटचा धूर शोधला होता. 'ग्रामीण' ही चिठ्ठी आधी वाचली, त्या चिठ्ठीने जो गंध अपेक्षित धरायला शिकवले होते तो मिळाला नाही म्हणून गुण कापले. आणि हे करणारा मी कोण, तर काटेवाडीचा. ज्या गावात आज माती जितकी आहे तितकीच सिमेंटही आहे, हे रोज पाहणारा. बाहेरच्या समीक्षकाने ही चूक केली असती तर आम्हीच त्याच्यावर तुटून पडलो असतो. मातीचा गंध मुद्दाम घालून तयार केलेल्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत बोलीचे शब्द ठरावीक अंतराने पेरलेले असतात, पहिल्या पानावर पाऊस येतो, शेवटच्या पानावर बैल विकला जातो. त्या 'ख' बाटल्या आहेत. आणि त्यांना आपण अस्सलतेची पारितोषिके देत आलो आहोत.

परीक्षकाला चिठ्ठी दिसूच नये, हा यावर सुचणारा पहिला उपाय. आय. ए. रिचर्ड्‌सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या उत्तरांवर १९२९मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ लिहिला. भल्याभल्यांचे अंदाज कोसळले. पण नाव झाकल्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. माझ्यापुढच्या बाटल्यांची नावेही झाकलेलीच होती. मला फसवले ते प्रकाराच्या नावाने. प्रकार अजिबात न सांगता परीक्षण करावे, तर तेही जमत नाही. वी हेवी कडवट नाही म्हणून तिला नापास करणे जितके हास्यास्पद, तितकेच अभंगात कथानक नाही म्हणून तक्रार करणे. प्रकाराचे भान लागते. पण ते भान त्या प्रकारातील पुष्कळ कृती अनुभवून आलेले असावे लागते. एकाच प्रसिद्ध कृतीची सावली सगळ्यांवर टाकणे म्हणजे प्रकाराचे भान नव्हे.

त्या तक्त्याच्या तळाशी तीन स्वतंत्र पट्ट्या होत्या, आणि मला त्यांनी अधिक विचारात पाडले. पहिली: हा नमुना प्रकाराला कितपत धरून आहे? दुसरी: करणीत दोष किती? तिसरीचे एक टोक 'अप्रतिम' आणि दुसरे 'निर्जीव'. म्हणजे बरहुकूम असणे, निर्दोष असणे आणि जिवंत असणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत हे त्या साध्या कागदाला ठाऊक आहे. आपल्या परीक्षणांत या तिन्हींची सर्रास सरमिसळ असते. रचना सफाईदार आहे म्हणून कविता चांगली, असे आपण लिहितो. ग्रामीण नमुन्यात बसत नाही म्हणून कथा निर्जीव, असे मी लिहिले.

येथे गुऱ्हाळाची आठवण येणे अपरिहार्य आहे. माझ्या लहानपणी आमच्या वडिलांचे गुऱ्हाळ होते. काहिलीत रस उकळायचा, भेंडीच्या चिकाने मळी वर यायची, ती काढत राहायचे. गुळव्या हा तिथला खरा परीक्षक. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो बोटांत त्याची गोळी वळवून पाहायचा आणि काहील उतरवायला सांगायचा. पाक त्या वेळी ११८ अंशांच्या आसपास असतो, हे मी पुढे पुस्तकात वाचले. गुळव्याला ते बोटांना कळत असे. पण हा गूळ बाजारात गेला की निकष बदलायचा. तिथे रंगाला भाव. पिवळाधमक गूळ वरच्या भावाने जाई, तांबूस मागे राही. मग गूळ पिवळा करण्यासाठी काहिलीत हायड्रॉसची पावडर पडू लागली. आता काळ फिरला आहे. शहरातले ग्राहक काळसर गूळ 'रसायनमुक्त' म्हणून शोधतात, आणि काळा रंग हीच नवी चिठ्ठी झाली आहे. दोन्ही काळांत ढेप फोडून खडा जिभेवर ठेवणारे थोडेच. त्या इंग्रजी तक्त्यात रूपाला पन्नासपैकी तीनच गुण का, हे मला गुळाच्या बाजाराने नीट समजावले.

प्रश्न शब्दांचाही आहे. 'क' बाटलीसमोरच्या ओळींत भाच्याने 'कॅरमेल' लिहिले. मी 'गोड' म्हणालो. तो म्हणाला, "मामा, गोड आणि माल्टी यांत फरक आहे." खरेच होते, भावपूर्ण आणि भावविवश यांत असतो तसा. पण मला त्या चवीसाठी शब्द सापडेना. कॅरमेल हा माझ्या अनुभवातला पदार्थ नाही. तो पाठ करून वापरावा असा शब्द आहे, रसग्रहणाच्या उत्तरात विद्यार्थी 'प्रतिमासृष्टी' वापरतात तसा. तेवढ्यात आईने हात पुढे केला. तिने रिकामा पेला घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्यात काकवी हाय. बुडाला लागलीय, पण करपली न्हाई." आणि पेला दूर सारून हात धुवायला उठली.

तिच्या तोंडाला एक थेंबही लागला नाही, पण त्या रात्रीचे सर्वांत अचूक परीक्षण तिचे होते. भाच्याने सांगितले की अशा एलसाठी काही जण पहिल्या दाट रसाचा थोडा भाग वेगळा काढून तो चिकट होईपर्यंत आटवतात आणि मग परत मिसळतात. काहिलीच्या तळाशी होणारी ती तांबूस, खरपूस चव एलमध्ये उतरते. 'लागणे' आणि 'करपणे' यांत मराठी जो भेद करते तो मूल्यभेद आहे. खरपूस आणि करपट यांच्यामधल्या रेषेवर ही एल उभी असते. आपल्या चुलीजवळ हे शब्द होते; माझ्या समीक्षेत ते नव्हते.

हे आठवून मी नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय पुन्हा काढला. रस म्हणजे काय हे सांगताना भरताने पाककृतीचा दृष्टान्त दिला आहे, हे आपण शिकवतो. त्यात गुळाचे नाव आहे, हे मी तोवर लक्षपूर्वक वाचले नव्हते. पुढे मम्मटाने पानकरसाचा न्याय सांगितला: अनेक द्रव्ये मिसळून केलेल्या पेयात प्रत्येकाची चव वेगळी न उरता एक अखंड चव होते. आपल्या काव्यशास्त्राचा पाया पेल्यात आणि काहिलीत आहे. मर्ढेकर लयीविषयी बोलताना संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडतात. माल्ट आणि हॉप्स यांच्या नात्याला तीच परिभाषा लावून पाहिली, तेव्हा समतोल म्हणजे दोन्ही बाजू समान, ही माझी समजूतही गेली. वी हेवीत माल्टचेच राज्य असते. कडवटपणा एवढाच असतो की गोडवा ओशट होऊ नये. असमान वजनांचाही समतोल असतो.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पेयाची आवडनिवड ही ज्याची त्याची. तिच्यावरून साहित्याच्या मूल्यमापनाकडे उडी कशी घेता येईल? कान्टने नेमके हेच बजावले आहे. कॅनरी बेटांची वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याने 'मला' हा शब्द जोडावा. सुंदर म्हणताना मात्र आपण सर्वांच्या संमतीची मागणी करतो. हा भेद मी नाकारत नाही. 'क' मला आवडली, यावर कोणाशी वाद नाही. परंतु 'ह्यात बुडाला लागलेली काकवी आहे' हे विधान आवडीचे नाही. ते खरे किंवा खोटे ठरू शकते, दुसऱ्याला पडताळता येते. एडिंबरोचाच असलेल्या डेव्हिड ह्यूमने १७५७च्या आपल्या निबंधात 'डॉन किहोटे'मधली गोष्ट सांगितली आहे. सांचोचे दोन नातलग एका पिंपातली वाइन चाखतात. एकाला चामड्याची किंचित चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. समीक्षकाचे पहिले काम ही किल्ली शोधण्याचे आहे. कृतीत काय आहे ते आधी; त्याचे मोल नंतर. मी उलटे केले होते.

आणखी एक अडचण अधिक जवळची आहे. मद्याविषयी मराठीत बोलायचे म्हणजे १९१९पासून रंगभूमीवर असलेल्या 'एकच प्याला'च्या सावलीत बोलायचे. गडकऱ्यांनी तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाची यथेच्छ चेष्टा केली आणि सुधाकर-सिंधूच्या संसाराची राखही दाखवली. ती राख खोटी नाही. आमच्या वाड्यावस्त्यांवर ती आजही दिसते, आणि आईच्या नाकावरचा पदर त्या अनुभवातून आलेला आहे. म्हणून चाखण्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की दारूच्या परिणामांसाठी मराठीत ढीगभर शब्द आहेत आणि चवीसाठी एकही नाही असे वाटत असताना, तो शब्द एका माळकरी बाईकडे निघाला. तो दारूसाठी घडलेला नव्हता. नेमके पाहण्याची, हुंगण्याची, भेद करण्याची सवय जिथे असते तिथे शब्द कोणत्याही वस्तूसाठी तयार असतो.

त्यानंतर मी वर्गात एक बदल केला. रसग्रहणाच्या प्रश्नाला उत्तर लिहिताना पहिल्या परिच्छेदात 'सुंदर', 'प्रभावी', 'अस्सल', 'मातीशी नाते' हे शब्द वापरायचे नाहीत, असा नियम. कवीचे नाव आणि गाव शेवटी सांगायचे. आधी कवितेत काय ऐकू येते, कोठे थांबावे लागते, कोणता शब्द अनपेक्षित आहे, ते तुमच्या घरातल्या भाषेत लिहा. पहिल्या वर्षी विद्यार्थी गोंधळले. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतील का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. विद्यापीठाच्या नमुना उत्तरात बसणारे लिहाल तर गुण मिळतील, हे मला त्यांना सांगावे लागले. बरहुकूम असणे आणि जिवंत असणे यांतला तिढा माझ्या वर्गातही सुटलेला नाही.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट समाजाचे लोक धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. दूरदर्शनचे कॅमेरे येतात, दृश्य टिपतात, जातात. ते दृश्य खरे आहे. पण उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची काटेवाडी कोणी लिहिली आणि तिच्यात मेंढ्या नसल्या, तर तिला खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. मलाही नव्हता.

त्या विद्यार्थ्याचा संग्रह मी पुन्हा वाचला आहे. कोरडेपणा ज्याला म्हटले होते ती संयमाने आवरता घेतलेली गोडी आहे, असे आता वाटते. दोन कथा मात्र आजही अपुऱ्या वाटतात आणि तेही मी सकारण लिहिणार आहे. परीक्षण नव्याने लिहून त्याला आधी पाठवीन. उत्तर येईलच असे नाही.